वेशीवरची चिठ्ठी

पूर्वी गावाच्या वेशीतून आत येणारी प्रत्येक वस्तू कोणाच्या तरी नजरेखालून जात असे. गाडीवान बैल थांबवी, नाकेदार पोत्याला हात लावून पाही, काय आहे, किती आहे, कुठे चालले आहे हे विचारी आणि पावती फाडी. आपल्याकडच्या शहरांतले हे जकातनाके आता गेले. पुण्याची जकात १ एप्रिल २०१३ पासून बंद झाली. मुंबईची १ जुलै २०१७ रोजी, वस्तू व सेवा कर आला त्याच दिवशी संपली. कुठे एखाद्या बसथांब्याला किंवा चौकाला 'जकातनाका' हे नाव तेवढे चिकटून राहिले आहे. आजच्या मुलांना ते नाव कशावरून पडले हे समजावून सांगावे लागते.

परंतु एक वेस अजून उभी आहे, ती देशाची. गंमत अशी, की जिच्याशी पूर्वी फक्त बड्या व्यापाऱ्यांचा आणि बोटीने परतणाऱ्या प्रवाशांचा संबंध येई, ती वेस आता खेड्यातल्या घराच्या उंबरठ्यापर्यंत येऊन ठेपली आहे. माणूस रात्री जेवणानंतर अंथरुणावर पडल्या पडल्या परदेशातल्या दुकानात शिरतो, वस्तू निवडतो, पैसे चुकते करतो आणि झोपी जातो. वस्तू निघते, आणि तिच्या पाकिटावर एक चिठ्ठी चिकटवली जाते. आत काय आहे, त्याची किंमत किती, आणि ते विकलेले आहे की भेट म्हणून धाडले आहे, एवढेच त्या चिठ्ठीत लिहायचे असते. या बोटभर चिठ्ठीवर दिवाळी अंकाची पाने खर्च करावी काय, असे कोणी विचारील. माझ्या मते करावी. मोठ्या पापांविषयी आपण सर्वजण एकमतात असतो. माणसाची परीक्षा असल्या लहान चिठ्ठ्यांवरच होते.

उदाहरणासाठी आपण रांजणगावचा एक तरुण घेऊ. हा कोणी विशिष्ट इसम नव्हे. पण असे तरुण तिकडे आज पुष्कळ आहेत. पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर हे गाव आहे. अष्टविनायकांपैकी महागणपतीचे हे स्थान. आपल्या वडीलधाऱ्यांना ते यात्रेसाठी माहीत होते. त्यांच्या नातवंडांना ते औद्योगिक वसाहतीसाठी माहीत आहे. मोटारी, फ्रिज आणि विजेवर चालणारी घरगुती यंत्रे यांचे कारखाने तिथे उभे राहिले आहेत. आपला तरुण अशाच एका कारखान्यात पाळीवर जातो आणि सुट्टीच्या दिवशी पहाटे उठून सायकल काढतो.

ही सायकल म्हणजे आपल्या आठवणीतली सायकल नव्हे. कॅरिअरला डबा, हँडलला पिशवी आणि पुढच्या दांड्यावर लहान मूल घेऊन चालणारी, म्युनिसिपालिटीचा बिल्ला नसला तर पोलिसाला घाबरणारी ती सायकल निराळी. पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई तो काळही निराळा. ही सायकल वजनाला हलकी असते, तिला दहा-बारा चक्र्यांचे गिअर असतात, आणि तिच्यावर बसून माणसे घाट चढतात. मागच्या चाकाजवळ एक लहानसा भाग लोंबत असतो. साखळीला एका चक्रीवरून दुसऱ्या चक्रीवर ढकलणे हे त्याचे काम. त्याला डिरेलर म्हणतात. तो एखाद्या दगडावर आपटून वाकला, की सगळी सायकल अडून बसते. सायकली आपल्या देशात लाखोंनी तयार होतात, लुधियाना तर सायकलीच्या भागांचे माहेरघरच आहे. पण वरच्या प्रतीचे हे नाजूक भाग अजून बहुतेक बाहेरूनच येतात. जपानमधल्या साकाई गावी १९२१ साली निघालेल्या शिमानोसारख्या मोजक्या कारखान्यांचे ते काम आहे. शिरूरच्या सायकलवाल्याकडे चौकशी केली तर तो म्हणतो, "दादा, हे आपल्याकडं नाही येत. पुण्याला बघा." पुण्याला मिळते, पण महाग, किंवा पाहिजे तेच नेमके मिळत नाही. मग तरुण परदेशच्या दुकानात शिरतो.

इथे त्याला जकातीचा हिशेब भेटतो, आणि तो पहिल्यांदा चक्रावतो. हा हिशेब कसा चालतो ते एकदा आकड्यांनिशी पाहणे बरे. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून खाली घेतलेले दर केवळ नमुन्याचे समजावे. वस्तू ८,००० रुपयांची आहे आणि ती पाठवण्याचा व विम्याचा खर्च २,००० रुपये आहे असे धरू. सरकार जकातीसाठी किंमत धरते ती ८,००० नव्हे, वाटखर्चासकट १०,०००. त्यावर आयातशुल्क शेकडा २० मानले तर २,००० झाले. त्या शुल्कावर शेकडा १० समाजकल्याण अधिभार, २०० झाले. आता बेरीज १२,२००. या साऱ्या बेरजेवर पुन्हा वस्तू व सेवा कर शेकडा १८ धरला तर २,१९६. म्हणजे ८,००० च्या वस्तूवर सरकारचे देणे ४,३९६ रुपये. शिवाय कुरियर कंपनीने ही रक्कम तुमच्या वतीने भरली, कागद केले, म्हणून तिची हमाली वेगळी. जकातीवर अधिभार आणि अधिभारासकट जकातीवर कर, हे गणित तरुणाला सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखे वाटते. तसे वाटले तर त्याला नावे ठेवू नयेत.

आणि अशा वेळी एक अनुभवी मित्र त्याला सल्ला देतो. "दुकानदाराला लिही ना, चिठ्ठीवर 'भेट' लिहा म्हणावं. किंमत जरा कमी दाखवा म्हणावं. सगळे तेच करतात."

आपला खरा प्रश्न या सल्ल्यापाशी सुरू होतो. तरुण वाईट नाही. तो शेजाऱ्याच्या आंब्याला हात लावणार नाही, पाकीट सापडले तर परत करील, दुकानदाराने चुकून शंभर रुपये जास्त दिले तर सायकल वळवून आणील. तरीही हा सल्ला ऐकताना त्याचे मन फारसे अडखळत नाही. असे का व्हावे?

पहिले कारण उघड आहे. समोर माणूस दिसत नाही. आंब्याला मालक आहे, पाकिटाला मालक आहे. जकातीला कोणाचा चेहरा आहे? सरकार म्हणजे दूरची एक पेटी. तिच्यात चार हजार कमी पडले म्हणून कोणाच्या चुलीवरचे भांडे उतरणार आहे? दुसरे कारण असे, की ही जकातच अन्यायाची आहे असे त्याला मनापासून वाटते. आणि अन्यायाने मागितलेले देणे बुडवण्यात पाप कसले? ही दोन्ही कारणे पोकळ आहेत असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांच्यात तथ्याचा अंश आहे. म्हणून ती एकेक करून नीट पाहू. आधी दुसरे घेऊ.

जकात न्यायाची केव्हा आणि अन्यायाची केव्हा? आपल्याच इतिहासात याची दोन ठळक उदाहरणे आहेत. १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळच्या सुभ्यावरील नरहरी आनंदराव यांना मिठाच्या जकातीविषयी पत्र लिहिले. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या बारदेशात मीठ स्वस्त होते, संगमेश्वराकडचे महाग पडे. व्यापारी साहजिकच स्वस्ताकडे वळणार, आणि कोकणातला मीठवाला बुडणार. म्हणून बारदेशच्या मिठावर इतकी जकात बसवावी की ते संगमेश्वरच्या मिठाच्या भावाला यावे, असा त्या पत्राचा आशय. त्या काळी कुडाळच्या बाजारात मीठ घेणाऱ्या बाईला ते चार दाण्यांनी महागच पडले असेल. पण ते चार दाणे कोणासाठी जात होते ते तिला सांगता आले असते. ते आगरावर उन्हात राबणाऱ्या तिच्याच मुलखातल्या माणसासाठी जात होते.

दुसरे उदाहरण १८९६ चे. इंग्रज सरकारने परदेशी कापडावर शेकडा साडेतीनची जकात ठेवली, आणि लगोलग हिंदुस्थानातल्या गिरण्यांच्या कापडावरही तेवढाच कर बसवला. हेतू लपलेला नव्हता. लँकेशायरच्या मालाला इथल्या मालाची स्पर्धा जड जाऊ नये. इथेही गिऱ्हाइकाच्या खिशातून पैसा गेला. पण तो ज्याच्या भल्यासाठी गेला तो साता समुद्रांपलीकडचा होता. तीच जकात, तेच नाके, तीच पावती. एक न्यायाची, दुसरी अन्यायाची. फरक दराच्या आकड्यात नाही. वेशीवर घेतलेला पैसा वेशीच्या आतल्या कोणाचे भले करतो, हा जकातीचा खरा कस आहे.

हा कस रांजणगावच्या तरुणाने स्वतःच्या बाबतीत लावून पाहावा. जकात परदेशी माणूस देतो, असा एक भोळा समज असतो. बहुतेक वेळा तिचा भार येऊन पडतो तो आपल्यातल्याच घेणाऱ्यावर. याचा अर्थ, जकात म्हणजे घेणाऱ्याने आपल्याच न दिसणाऱ्या शेजाऱ्याला लावलेला हातभार. आणि त्या शेजाऱ्यांत खुद्द हा तरुण आहे! ज्या वसाहतीत तो कामाला जातो तिथे कारखाने आले त्यामागे जमीन, पाणी, रस्ता ही कारणे होतीच. पण तयार मोटार बाहेरून आणली तर जबर शुल्क आणि सुटे भाग आणून इथे जोडली तर बरेच कमी, हेही एक मोठे कारण होते. त्या भिंतीच्या आडोशाने कारखाने वाढले. त्यांच्या आधाराने कारेगावपासून शिरूरपर्यंत खोल्या भाड्याने गेल्या, खानावळी निघाल्या, मुलांच्या शाळेच्या फिया भरल्या गेल्या. नागपूरच्या किंवा कोल्हापूरच्या कोणा गिऱ्हाइकाने मोटारीला चार पैसे जास्त मोजले, त्यातला काही अंश या तरुणाच्या पगारात आहे. सायकलीच्या धंद्याची कथाही निराळी नाही. मद्रासजवळ अंबत्तूरला १९४९ मध्ये, सोनपतला १९५१ मध्ये, लुधियानाला १९५६ मध्ये जे सायकलीचे मोठे कारखाने निघाले, त्यांच्या बाळपणी परदेशी सायकलीवरच्या जकातीचे कुंपण होते. आपल्या आजोबांनी रॅलेची हौस बाजूला ठेवून देशी सायकल घेतली, तेव्हा ते कुंपणाचा खर्चच भरत होते.

पगार घेताना भिंत हवी आणि खरेदी करताना तीच भिंत टोचावी, हे मनुष्यस्वभावाला धरून आहे. पण ते न्यायाला धरून नाही. जो भिंतीच्या सावलीत बसतो त्याने तिच्या डागडुजीचा वाटा नाकारू नये.

इथवर तरुणाची बाजू लंगडी वाटेल. पण त्याच्याजवळ एक खणखणीत उत्तर आहे आणि ते ऐकून घेतले पाहिजे. तो म्हणेल, "मोटारीचं ठीक आहे. मोटार इथं होते. पण मला लागणारा हा भाग इथं कोण करतो? कोणाचंच पोट त्यावर नसेल, तर ही भिंत कोणासाठी बांधली आहे?"

हा प्रश्न नुसता चतुर नाही. तो जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शुल्काचे सविस्तर प्रकरण आहे. नगराच्या दाराशी शुल्कशाळा, तिच्यावर ध्वज, व्यापाऱ्याने आपले नाव, माल आणि किंमत सांगायची; बाहेरून येणाऱ्या मालावर किमतीचा पाचवा हिस्सा. परंतु त्याच प्रकरणात असेही सांगितले आहे, की जो माल राज्याला फार उपकारक असेल आणि जे बियाणे दुर्मिळ असेल, ते शुल्कावाचून आत येऊ द्यावे. सरसकट भिंत बांधणारा राजा शहाणा नव्हे, हे त्या कठोर ग्रंथकारालाही ठाऊक होते. सायकल धूर करीत नाही, रस्ता अडवीत नाही, माणसाला निरोगी ठेवते. तिच्या ज्या भागांना देशी जोड नाही त्यांच्यावर मोठी जकात का, असे तरुणाने विचारले तर त्यात वावगे काही नाही. २०२३ च्या अर्थसंकल्पात तयार सायकलींवरचे आयातशुल्क ३० वरून ३५ टक्क्यांवर नेले, त्याचे समर्थन देशी कारखान्यांचे नाव घेऊन करता येते. जो भाग इथे होतच नाही, त्याला ते समर्थन तितकेसे पुरत नाही. तेव्हा मान्य करू: एखादी जकात मूर्खपणाची असू शकते, आणि ही तशी असण्याचा संभव आहे.

पण जकात मूर्खपणाची आहे, म्हणून चिठ्ठीवर खोटे लिहायला मोकळीक मिळते काय? या दोन गोष्टी आपण नेहमी एकात एक मिसळतो, आणि सारा घोटाळा तिथेच होतो. जकात न्यायाची आहे की नाही हा सरकारच्या वागण्याचा प्रश्न झाला. मी खोटे सांगावे की नाही, हा माझ्या वागण्याचा प्रश्न आहे. पहिल्याचे उत्तर 'नाही' आले तरी दुसऱ्याचे 'हो' होत नाही.

याचा दाखला शोधायला लांब जायला नको. ज्या बारदेशच्या मिठाचा वर उल्लेख आला, त्याच्या उत्तरेला पेडणे आणि तेरेखोलची खाडी ओलांडली की शिरोडे लागते. तिथल्या मिठागरांवर १९३० साली सत्याग्रह झाला. त्याच वर्षी १२ मार्चला गांधीजी साबरमतीहून निघाले होते आणि ६ एप्रिलला त्यांनी दांडीला मीठ उचलले होते. मिठाचा कर अन्यायाचा होता याविषयी आज कोणाला शंका नाही. तो बुडवायचा असता तर रात्रीच्या अंधारात पोतेभर मीठ आणणे काही कठीण नव्हते. किनाऱ्यावरच्या माणसाला त्या वाटा पाठ असतात. पण त्यांनी व्हाइसरॉयला आधी पत्र धाडले, दिवस ठरवला, वाट जाहीर केली, आणि दिवसाढवळ्या मूठ भरली. शिरोड्याला गेलेले लोकही लाठी खायला आणि तुरुंगात जायला तयार होऊन गेले. अन्यायी कर मोडणे आणि कर चुकवणे यांत हे अंतर आहे. मोडणारा म्हणतो, 'मी हे केले, आणि का केले ते सांगतो.' चुकवणारा म्हणतो, 'मी काही केलेच नाही.' मोडणाऱ्यामुळे कायदा बदलतो, कारण त्याचा बोजा सर्वांना दिसतो. चुकवणाऱ्यामुळे कायदा तसाच राहतो. उलट त्याचा काच कमी वाटू लागतो, आणि जे मुकाट्याने भरतात त्यांच्यापुरताच तो उरतो.

यावरून एक साधी कसोटी काढता येते. चिठ्ठीवर जे लिहिवले ते पार्सल घेताना टपालवाल्याला मोठ्याने सांगता येईल काय? येत असेल तर खुशाल लिहावे.

आता राहिले पहिले कारण: यात कोणाचे बिघडते? समोर माणूस दिसत नाही हे खरे. पण तो नाही असे नाही. चांगले पाहिले तर निदान तिघे दिसतात.

पहिला परदेशातल्या दुकानातला कारकून. त्याचे आपले काही देणेघेणे नसते. आपल्या सोयीसाठी आपण त्याला त्याच्या सहीने खोटे लिहायला सांगतो. नोकरीवर असलेल्या परक्या माणसाला असे कानकोंडे करणे, हे आपल्या घरी आलेल्या कोणाशीही आपण करणार नाही.

दुसरा आपल्याच तालुक्याच्या गावातला किंवा पुण्यातला सायकलवाला. त्याने तोच भाग रीतसर मागवला, पूर्ण शुल्क भरले, दुकानाचे भाडे आणि पोऱ्याचा पगार काढला, आणि वर किंमत लिहिली. तरुण दुकानात येतो, भाग हातात घेऊन पाहतो, मापे विचारतो, "महाग सांगता हो" म्हणतो आणि घरी जाऊन 'भेट' मागवतो. सायकलवाल्याला महाग कोणी केले? थोडे जकातीने, थोडे जकात चुकवणाऱ्यांनी. उद्या ते दुकान बंद पडले, तर पाळीवरून परतताना चाक वाकडे झाले म्हणून रात्री आठ वाजता ते उघडून घ्यायला कोणते परदेशी दुकान येणार आहे?

तिसरा माणूस मात्र फारच दूरचा आणि फारच जवळचा आहे. जर्मनीत किंवा अमेरिकेत नोकरीला असलेला मामा दिवाळीत भाचीसाठी खरोखरीची भेट धाडतो, तो हा. ठरावीक रकमेपर्यंतच्या अशा भेटींना आपल्या देशात जकातीची माफी होती. त्या माफीत माणुसकी होती. आणि ती नवीनही नव्हती. कौटिल्यानेही लग्नाचे सामान, मुलीला सासरी जाताना दिलेल्या वस्तू, नजराणे, यज्ञाचे आणि बाळंतपणाचे सामान यांना शुल्क माफ ठेवले आहे, आणि त्या नावाखाली खोटे बोलून माल आणणाऱ्याला चोराची शिक्षा सांगितली आहे. म्हणजे अडीच हजार वर्षे म्हणा किंवा दोन हजार म्हणा, माणूस 'भेट' या शब्दाआड लपतच आला आहे. आपल्या काळात विकत घेतलेला माल 'भेट' होऊन पाकिटापाकिटांतून येऊ लागला. परिणाम व्हायचा तोच झाला. डिसेंबर २०१९ मध्ये सरकारने ठरवले, की भेट म्हणून जकातमाफी मागत टपालाने किंवा कुरियरने येणारा माल यापुढे चालणार नाही. अपवाद फक्त प्राण वाचवणाऱ्या औषधांचा आणि राखीचा. राखीसोबतची भेटवस्तूसुद्धा त्या अपवादात नाही! पूर्ण शुल्क भरा आणि भेट घ्या.

या गोष्टीवर जरा थांबावे असे मला वाटते. बहिणीचा दोरा तेवढा वेशीतून विनाजकात येतो, आणि मामाने घेतलेले फ्रॉक अडते, हे ज्या अधिकाऱ्यांनी लिहिले ते काही पाषाणहृदयी नसावेत. खऱ्या भेटी आणि खोट्या भेटी यांत फरक करायला त्यांना जागाच उरली नव्हती. 'यात कोणाचे बिघडते' असे म्हणत ज्यांनी ज्यांनी चिठ्ठीवर तो शब्द लिहिवला, त्या सर्वांनी मिळून तो शब्द नासवला. सरकारच्या पेटीतले चार हजार पुन्हा भरून निघतील; दुसऱ्या कुठल्या करातून येतील. पण सर्वांच्या विश्वासावर चालणारी एक सवलत एकदा गेली, की ती परत आणणे फार अवघड असते. लबाडीची किंमत लबाडाला क्वचितच पडते. ती पडते त्याच्यामागे रांगेत उभ्या असलेल्या खऱ्या माणसाला.

एवढे सारे तरुणाला ऐकवल्यावर नाकेदारालाही दोन शब्द ऐकवले पाहिजेत, नाहीतर हा निबंध एकाच पारड्यात वजन टाकणारा होईल. जकात देणे जसे कर्तव्य आहे, तसे जकात आधी सांगणे हेही कर्तव्य आहे. साधा माणूस आठ हजारांची वस्तू मागवतो तेव्हा दारात नेमके किती मोजावे लागतील हे त्याला आधी कळले पाहिजे, आणि तेही वकील न लावता. 'वैयक्तिक वापरासाठी' आणि 'व्यापारासाठी' असे दर निराळे, ते वर्षावर्षाला बदलणारे, पाकीट कुठल्या नाक्यावर कोणाच्या हाती लागते यावर कधी शुल्क तर कधी नाही. असे झाले म्हणजे माणसाला जकात ही जकात वाटत नाही, सोडत वाटते. सोडतीत प्रामाणिकपणाला काय किंमत? १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात खोटी किंमत लिहिलेला माल जप्त करण्याची तरतूद आहे, ती असावीच. परंतु खरी किंमत लिहिणाऱ्याचे पाकीट लवकर सुटावे, त्याला स्वच्छ पावती मिळावी, चुकून जास्त घेतले तर ते परत मिळावे, ही त्या तरतुदीची दुसरी बाजू आहे. शिक्षेच्या भीतीने जितके लोक खरे बोलतात त्याहून अधिक लोक, खरे बोलल्याने त्रास होत नाही हे पाहून बोलतात.

आणि नाका सर्वांना सारखा असावा. रांजणगावच्या महागणपतीची जी कथा सांगतात, ती या ठिकाणी आठवते. त्रिपुरासुराशी लढायला शंकर निघाले ते गणपतीला वंदन न करता निघाले. खुद्द जगाचे स्वामी. शिवाय गणपतीचे वडील! पण त्यांना यश येईना. मग त्यांनी आधी मुलाची आराधना केली, आणि त्रिपुराचा वध झाला. हे घडले तेच हे स्थान, अशी श्रद्धा आहे. गणपती दारावर पहारा करीत होता तेव्हाही त्याने याच पित्याला अडवले होते, ती कथा घरोघरी ठाऊक आहे. दारावरच्या देवाने थोरामोठ्यांचे नाते पाहिले नाही, यात त्याची थोरवी आहे. न्हावाशेव्याला उतरणाऱ्या पेटाऱ्यांचा मालक आणि दोनशे ग्रॅमच्या पाकिटाचा धनी, दोघांनाही एकाच दारातून, एकाच नियमाने आत घेणारा पहारेकरी असला, तर त्याला नमस्कार करायला कोणाला जड जाणार नाही. मोठा पेटारा सल्लागारांच्या बळावर सवलती शोधून निघून जातो आणि लहान पाकीट महिनाभर अडून राहते, असे लोकांना वाटू लागले, की मग पहारेकऱ्याचा धाक राहतो, मान राहत नाही.

मग तरुणाने करावे काय? मला तर त्याच्यापुढे चार सरळ वाटा दिसतात. वस्तूची किंमत दुकानातली न धरता दारातली धरावी. परवडली तर घ्यावी, नाही तर वाकलेला भाग सरळ करणारा जुना कारागीर गाठावा. आपल्यासारखे चारपाच जण मिळून पुण्याच्या सायकलवाल्याला एकदम मागणी द्यावी. तो रीतसर आणील, आणि एकत्र आणल्याने वाटखर्चही वाटला जाईल. पैसे भरून पावती घ्यावी आणि ती जपून ठेवावी. आणि त्या पावत्या पुढे करून, सह्यांनिशी, खासदाराला आणि अर्थखात्याला लिहावे की इथे न होणाऱ्या भागांवर एवढे शुल्क नको.

असल्या अर्जांनी काय होते, असे म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पण होते. शहरांच्या जकातीविरुद्ध व्यापाऱ्यांनी वर्षानुवर्षे उघडपणे गाऱ्हाणे मांडले, आणि ते नाके उठले. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा व त्यांच्या भागांवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दर हे देवाने लिहिलेले नसतात; माणसे ते बसवतात आणि माणसांच्या सांगण्यावरून उतरवतात. सांगण्यासाठी मात्र सांगणाऱ्याचा शब्द खरा असावा लागतो. ज्याने दहा चिठ्ठ्यांवर खोटी किंमत लिहिवली, त्याच्या अर्जावरचा अकरावा आकडा कोणी का खरा मानावा? आणि ज्याच्याजवळ खऱ्या भरलेल्या शुल्काच्या दहा पावत्या आहेत, त्याचा अर्ज बाजूला सारणे नाकेदाराला सोपे जात नाही.